नवीन बॅले रचताना पहिल्या तालमीला रचनाकाराच्या हातात नेमके काय असते?

अनुष्टुभ (मूळ प्रश्न)

नमस्कार. गेल्या काही वर्षांत मी बॅलेचे बरेच प्रयोग चित्रफितींवर पाहिले. आता कथानक आणि नर्तकांचे कौशल्य यांच्या पलीकडच्या एका गोष्टीचे कुतूहल वाटू लागले आहे. नाटकाच्या पहिल्या तालमीला नाटककाराची संहिता तयार असते, वाद्यवृंदाच्या पहिल्या सरावाला प्रत्येक वादकापुढे त्याची स्वरलिपी ठेवलेली असते; मग नवीन बॅले रचणारा नृत्यरचनाकार आरशांच्या त्या मोठ्या खोलीत पहिल्या दिवशी शिरतो तेव्हा त्याच्याजवळ काय असते? पदन्यास त्याने घरी ठरवून आणलेले असतात, की ते तिथेच सुचतात? तिथेच सुचत असतील, तर वीस-पंचवीस माणसे समोर ताटकळत उभी असताना ते सुचायचे तरी कसे? संगीत आधी की नृत्य आधी, हा प्रश्नही याच्याशीच जोडलेला असावा.

मुलाखतींमध्ये बहुतेक वेळा प्रेरणा कुठून मिळाली एवढेच विचारले जाते, आणि त्याची उत्तरे वाचून माझ्या पदरी फारसे काही पडलेले नाही. मला कामाची पद्धत समजून घ्यायची आहे. नृत्याचे शिक्षण मी घेतलेले नाही, त्यामुळे तांत्रिक शब्द थोडे उलगडून सांगितलेत तर उपकार होतील.

जुनेपाने

याचे सर्वांना लागू पडेल असे एक उत्तर नाही, पण दोन टोके दाखवता येतात, आणि बहुतेक रचनाकार त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतात.

पहिल्या टोकाला मारियुस पेतिपा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेंट पीटर्सबर्गच्या शाही रंगभूमीसाठी काम करणारा हा फ्रेंच रचनाकार घरच्या टेबलावर लहान बाहुल्या मांडून समूहाच्या रांगा, वर्तुळे आणि कर्ण ठरवीत असे आणि पटलेली मांडणी कागदावर टिपून ठेवीत असे. संगीतकारालाही तो मोकळे सोडत नसे. १८९० मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'स्लीपिंग ब्यूटी'साठी त्याने चायकोव्हस्कीला प्रसंगवार लेखी सूचना दिल्या होत्या आणि त्या आजही वाचण्यासारख्या आहेत. राजकन्या ऑरोरा हाताला टोचून घेते त्या प्रसंगाचेच पाहा. म्हातारी दोनच्या ठेक्यात सुया आपटते, मग संगीताने हळूहळू तीनच्या, वॉल्ट्झच्या लयीत शिरायचे, मध्येच एकदम थांबायचे, ऑरोरा किंचाळते, त्यानंतर चारच्या ठेक्यातले आठ रुंद बार, आणि शेवटी विषारी कोळी चावल्यासारखी तिची बेभान गिरकी, जी २४ ते ३२ बारांहून अधिक चालू नये. बार म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीतले तालाचे एक माप. चायकोव्हस्कीसारखा संगीतकार असे माप घेऊन लिहायला बसला आणि तरीही त्याच्या हातून ते संगीत झाले, याचे मला अजूनही नवल वाटते. म्हणजे अजून न रचलेल्या नृत्याने इथे संगीताची लांबीरुंदी आधीच ठरवून टाकली होती.

मात्र असा तपशीलवार आराखडा म्हणजे पदन्यास नव्हेत. १८९२ च्या 'नटक्रॅकर'साठीही पेतिपाने अशाच सूचना लिहिल्या होत्या. नाताळचे झाड अवाढव्य वाढते तिथे त्याने चढत्या आवाजाचे ४८ बार मागितले होते. पुढे तो आजारी पडला आणि नृत्यरचना त्याचा सहायक लेव्ह इव्हानोव्ह याला करावी लागली. कुठे किती वेळ काय घडायचे हे इव्हानोव्हला कागदावर मिळाले होते, पण हिमकणांच्या नृत्यात कोणी कोणते पाऊल टाकायचे हे त्याचे त्यालाच शोधावे लागले.

दुसऱ्या टोकाला जॉर्ज बालांशीन. रशियातून युरोपमार्गे अमेरिकेत आलेल्या या रचनाकाराने १९३४ मध्ये आपल्या नव्या शाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन चायकोव्हस्कीच्याच तंतुवाद्यांसाठीच्या 'सेरेनेड'वर बॅले रचला. पहिल्या संध्याकाळी सतरा मुली आल्या, म्हणून सुरुवातीची मांडणी सतरा जणींची झाली. पुढच्या तालमींना त्याहून कमी आल्या, म्हणून पुढचे भाग तेवढ्यांचे. एक मुलगी उशिरा आली, तिचे उशिरा येणे रचनेत गेले. एक पडली, तिचे पडणेही गेले. हा किस्सा बहुधा अशा थाटात सांगितला जातो की जणू तो बॅले योगायोगानेच जमून आला. मला ते पटत नाही. बालांशीनने संगीताचे रीतसर शिक्षण घेतले होते, वाद्यवृंदाची स्वरलिपी तो स्वतः पियानोसाठी उतरवून काढीत असे, आणि तालमीला येईपर्यंत कोणती सुरावट कुठे परतते, वाक्य कुठे संपते, कुठे दोन स्वर एकमेकांना छेद देतात हे त्याला तोंडपाठ झालेले असे. त्या संध्याकाळी खोलीत कोण आले एवढाच भाग योगायोगाचा होता.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की रचनाकाराच्या हातात पावले असोत वा नसोत, वेळेचा हिशेब असावाच लागतो. पेतिपा तो हिशेब संगीतकाराकडून करून घेई, बालांशीन तयार संगीतातून वाचून काढी. १९५७ च्या 'अगॉन'मध्ये तर बालांशीनने आणि संगीतकार स्त्राविन्स्कीने बारा नर्तक घेऊन कोणता भाग किती वेळाचा हे मिळून ठरवले आणि संगीत त्या मापाने लिहिले गेले. कथानक असलेल्या पूर्ण लांबीच्या बॅलेसाठी आधी प्रसंगांची यादी आणि प्रत्येकाची मिनिटे, मग संगीत, मग पियानोची आवृत्ती आणि शेवटी तालीम, असाच क्रम आजही बहुधा असतो. नवे संगीत नको असेल तर जुने वेचून शिवले जाते. ब्रिटिश रचनाकार केनेथ मॅकमिलनच्या १९७४ च्या 'मॅनॉन'मध्ये सगळे संगीत मासने या फ्रेंच संगीतकाराचे आहे, पण त्याच्या त्याच नावाच्या ऑपेरातला एकही तुकडा त्यात नाही.

आठाची मोजणी

जुनेपाने यांनी खोलीच्या दारापर्यंत आणून सोडले आहे, आतली बाजू मी सांगते. मी एका बॅले कंपनीच्या समूहात काही काळ नाचत होते आणि नव्या रचनांच्या तालमींत उभी राहिले आहे.

आधी ताटकळण्याबद्दल. मोठ्या समूहाचे काम असेल तर रचनाकार बहुधा घरून तयारी करून येतो. तीस जण खोलीत असताना विचार करत बसणे कोणालाच परवडत नाही. कंपनीची तालीम तासांच्या हिशेबाने वाटलेली असते आणि पुढचा तास दुसऱ्याच बॅलेचा असतो. त्यामुळे रांगा, प्रवेश, कोण कोणाच्या मागून कोणत्या विंगेत जाणार, हे कागदावर काढलेले असते, किंवा सहायकांना घेऊन आधी करून पाहिलेले असते. याउलट दोघांचे नृत्य असेल, ज्याला बॅलेत 'पा द दू' म्हणतात, तर रचनाकार जवळजवळ मोकळ्या हाताने येतो. मॅकमिलन अनेकदा नव्या बॅलेची सुरुवातच अशा दुहेरी नृत्यांपासून करीत असे आणि समूहाचे प्रसंग नंतर बांधीत असे. ते मला अगदी समजते. दोन माणसांत काय घडते आहे हे एकदा सापडले की भोवतालच्या गर्दीने काय करायचे ते सुचू लागते.

आता पाऊल कसे सुचते ते. बॅलेची एक सामायिक परिभाषा आहे. 'ग्लिसाद, असांब्ले, मग उजवीकडे वळून अराबेस्क' एवढे म्हटले की आम्ही तेवढे लगेच करून दाखवतो. सरकणे, उडी मारून दोन्ही पाय एकत्र आणणे आणि एका पायावर तोल सांभाळत दुसरा मागे ताणणे, असा त्याचा ढोबळ अर्थ. पण नव्या रचनेत जे खरोखर नवे असते त्याला नाव नसते. तिथे रचनाकार स्वतः अर्धवट करून दाखवतो, हातांनी पायांच्या हालचाली सुचवतो, तोंडाने लय म्हणतो. नर्तक ते आपल्या अंगाने पुरे करतात, आणि तो एक तर मान हलवतो किंवा म्हणतो, "नाही, पण आता चुकून जे झाले ते पुन्हा करा."

एक उदाहरण तपशिलात सांगते. समजा रचनाकाराला हवे आहे की नर्तिका अराबेस्कमध्ये असताना मागे कलंडावी आणि जमिनीला लागण्याआधीच जोडीदाराने तिला वर उचलून फिरवावे, तेही उचलण्याची तयारी प्रेक्षकाला न दिसता. पहिल्या प्रयत्नात त्याचा हात तिच्या कमरेवरून घसरतो, कारण ती वळत असते. हात कंबरेच्या हाडाखाली असायला हवा, पण तिथे तो वेळेवर पोचत नाही. शिवाय तिने गुडघे वाकवून थोडी उसळी घेतल्याखेरीज त्याला तिचे पूर्ण वजन ओढावे लागते. गुडघे वाकवण्याला आम्ही प्लिए म्हणतो. तिने प्लिए केले की आता उचलणार हे शेवटच्या रांगेलाही कळते, आणि रचनाकाराला नेमके तेच नको आहे. मग ते प्लिए आधीच्या पावलात लपवायचे ठरते. त्यासाठी आधीचे पाऊल बदलते, ते बदलले म्हणून तो एक मात्रा आधी निघतो, तो आधी निघाला म्हणून त्याचा दुसरा हात मोकळा राहतो, आणि त्या मोकळ्या हाताचे काय करायचे यातून पुढची हालचाल निघते. पियानोवादक एवढा वेळ तेच चार बार वाजवत असतो. तासाभरात अर्ध्या-पाऊण मिनिटाचे नृत्य पक्के झाले तर तो तास चांगला गेला असे आम्ही समजत असू. जे काव्यमय म्हणून वाखाणले जाते त्यातले बरेचसे मुळात असे कोपर, वजन आणि वेळ यांचे प्रश्न सोडवताना सापडलेले असते.

मोजणीबद्दलही सांगायला हवे. नर्तक बहुधा आठ-आठ मोजतात. संगीत त्या आठांत बसत नसेल तर रचनाकार आणि वादक मिळून नर्तकांसाठी वेगळी मोजणी तयार करतात. सात, मग पाच, मग सहा, असे काहीही. १९१३ मध्ये पॅरिसला निजिन्स्की या रशियन नर्तकाने स्त्राविन्स्कीच्या 'राइट ऑफ स्प्रिंग'वर बॅले रचला तेव्हा त्या तालांशी नर्तकांची गाठ घालून देण्यासाठी मारी रॅम्बर्ट या तालशिक्षिकेला मुद्दाम नेमले होते. पहिल्या प्रयोगाला प्रेक्षकांत असा गोंधळ उडाला की निजिन्स्की विंगेत उभा राहून मात्रा ओरडत होता, हे तर प्रसिद्धच आहे.

शेवटी, सगळे त्याच तालमीत ठरते असेही नाही. अमेरिकन रचनाकार जेरोम रॉबिन्स एकाच भागाच्या अनेक आवृत्त्या करीत असे आणि कोणती ठेवायची हे अगदी प्रयोग जवळ येईपर्यंत लांबवीत असे, त्यामुळे नर्तकांना सगळ्याच अंगवळणी पाडून घ्याव्या लागत. त्याच्या हाताखाली नाचण्याची वेळ माझ्यावर आली नाही, याचे मला दुःख नाही.

शंकेखोर

आठाची मोजणी यांचे उदाहरण वाचून माझा प्रश्न वेगळाच झाला. हात कुठे ठेवायचा हे जर नर्तकाच्या अंगाने ठरवले आणि चुकून झालेली हालचाल ठेवायची असेल, तर कार्यक्रमपत्रिकेवर एकाच माणसाचे नाव का? हल्ली तर काही रचनाकार नर्तकांना नुसती कामे देतात आणि पावले त्यांच्याकडूनच करून घेतात असे ऐकतो. मग रचनाकार हा केवळ निवड करणारा ठरत नाही का?

जुनेपाने

'केवळ' हा शब्द काढून टाकला तर शंकेखोर यांच्याशी मी सहमत आहे.

कामे देण्याची पद्धत खरी आहे, आणि ती आळसातून आलेली नाही. विल्यम फोर्साइथने तर तिचे जवळजवळ शास्त्र केले. नर्तकाने अवकाशात एक रेषा कल्पायची, ती कोपराने ओढायची, मग गुडघ्याने तीच रेषा टाळून जायचे, अशा स्वरूपाच्या सूचनांचा त्याने संग्रह केला आणि १९९९ मध्ये तो सीडी-रॉमवर सर्वांसाठी उपलब्ध झाला. वेन मॅकग्रेगर नर्तकांना मनात एखादे चित्र किंवा ध्वनी कल्पायला सांगून त्यातून हालचाल काढायला लावतो, आणि माणूस हालचालीचा विचार कसा करतो हे तपासण्यासाठी त्याने आकलनशास्त्राच्या अभ्यासकांबरोबर काम केले आहे. ट्वायला थार्प उलट स्वतःलाच राबवते. एकटी उत्स्फूर्त नाचते, ते चित्रित करते, आणि नंतर पाहताना त्यातले थोडेसे उचलते. जुन्या पिढीतला फ्रेडरिक ॲश्टनही नर्तकांना एखादी प्रतिमा सांगे, ते काय करतात ते पाही आणि हवे ते घेई. म्हणजे ही गोष्ट कालपरवाची नाही.

पण निवडीचे मोल किती असते याचे उदाहरण ॲश्टनचेच देतो. १९४६ चा त्याचा 'सिंफनिक व्हेरिएशन्स' सेझार फ्रांकच्या संगीतावर, फक्त सहा नर्तकांचा आणि कथानकाशिवायचा आहे. त्यातला मुख्य नर्तक मायकेल सोम्स जखमी झाल्यामुळे पहिला प्रयोग पुढे गेला. ॲश्टनने मिळालेला वेळ भर घालण्यात खर्च केला नाही, तर असलेले काढण्यात घालवला. आज त्या बॅलेत सहाही जण जवळजवळ सतत रंगमंचावर असतात आणि कित्येक वेळा त्यातले काही नुसते उभे असतात. त्या उभे राहण्याची जागा आणि वेळ ठरवणे हे कोणत्याही नर्तकाच्या अंगातून येत नाही, कारण ते सहा जणांना एकत्र पाहणाऱ्यालाच दिसते. निरनिराळ्या दिवशी सापडलेल्या तुकड्यांना एका क्रमात बसवणे, एखादी हालचाल वीस मिनिटांनी वेगळ्या अर्थाने परत आणणे, सुंदर पण उपरा तुकडा फेकून देणे, याला मी लेखनच म्हणेन.

श्रेयाचा मुद्दा मात्र रास्त आहे, आणि तिथे अन्यायही झालेला आहे. मॅकमिलनने १९६५ चा 'रोमिओ अँड ज्युलिएट' लिन सेमूर आणि क्रिस्टोफर गेबल यांच्यावर रचला. ज्युलिएटचे ते कलंडणे, ते पलंगावर निश्चल बसून राहणे, हे सेमूरच्या शरीराशी आणि स्वभावाशी जुळवून झालेले होते. पहिला प्रयोग मात्र मार्गो फाँटेन आणि रुडॉल्फ नुरेयेव्ह या गाजलेल्या जोडीला देण्यात आला. अलीकडे काही कार्यक्रमपत्रिकांत नर्तकांच्या सहभागाचा उल्लेख असतो, तो असायलाच हवा. कायद्यापुरते बोलायचे तर अमेरिकेच्या १९७६ च्या स्वामित्वहक्क कायद्यात नृत्यरचना हा प्रकार स्पष्टपणे नोंदवलेला आहे, पण रचना लिखित वा चित्रित अशा कोणत्या तरी टिकाऊ रूपात असावी लागते.

अनुष्टुभ

सर्वांचे आभार. विशेषतः प्लिए लपवण्याचे उदाहरण वाचून मी कालच एक जुनी चित्रफीत पुन्हा पाहिली आणि आधी न दिसलेल्या तीन जागा दिसल्या. टिकाऊ रूपाचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो: तालमीत ठरलेले हे सगळे नोंदवून कोण ठेवते? आणि पहिल्या प्रयोगाला रचना संपली असे समजायचे का?

आठाची मोजणी

नोंद तीन ठिकाणी राहते: नर्तकांच्या अंगात, चित्रफितीत आणि काही कंपन्यांत कागदावर. कागदावरच्या पद्धतींपैकी मी जवळून पाहिलेली म्हणजे जोन आणि रुडॉल्फ बेनेश या दांपत्याने १९५० च्या दशकात मांडलेली. ती संगीताच्या स्वरलिपीसारखी पाच आडव्या रेषांवर लिहितात. वरची रेषा डोक्याची, मग खांदे, कंबर, गुडघे आणि तळाशी जमीन. नर्तकाला आपण पाठीमागून पाहतो आहोत असे समजून हातापायांच्या जागा खुणांनी दाखवायच्या. अशी नोंद करणारी व्यक्ती तालमीत एका कोपऱ्यात बसून लिहीत असते. चित्रफीत सोपी असते, पण त्या रात्री कोणाचे काही चुकले असेल तर ती चूकही तिच्यात रचना म्हणून कायम होते. कोणते मुद्दाम आणि कोणते चुकून हे कॅमेऱ्याला कळत नाही. नोंद राहिली नाही तर काय होते याचे उदाहरण म्हणजे तोच 'राइट ऑफ स्प्रिंग'. मोजक्या प्रयोगांनंतर निजिन्स्कीची रचना विस्मरणात गेली आणि मिलिसेंट हॉडसन यांनी रेखाटने, आठवणी आणि स्वरलिपीवरची टिपणे जुळवून ती १९८७ मध्ये जॉफ्री बॅले या अमेरिकन कंपनीसाठी उभी केली. ती मूळ रचनेच्या किती जवळ आहे यावर मतभेद आहेत आणि ते राहणारच.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. पहिल्या प्रयोगाआधीच्या आठवड्यात बरेच काही हलते. तालीमखोलीत बरोबर वाटलेला प्रवेश विंगेपासूनच्या खऱ्या अंतरामुळे दोन मात्रा उशिरा पडतो, पोशाखामुळे पकड बदलावी लागते, आणि पियानोवर ज्या लयीत शिकलो ती वाद्यवृंदाकडून क्वचितच जशीच्या तशी येते. बदल त्यानंतरही चालूच राहतात. 'सेरेनेड'मधला चायकोव्हस्कीचा एक भाग बालांशीनने १९४० मध्ये घातला आणि क्रमही स्वरलिपीतला ठेवला नाही; शेवट शांत, विलंबित भागावर व्हावा म्हणून त्याने शेवटच्या दोन भागांची अदलाबदल केली. १९२८ च्या 'अपोलो'ची तर त्याने १९७९ मध्ये, मिखाइल बारिश्निकोव्ह ती भूमिका करणार असताना, सुरुवातच कापली. अपोलो या ग्रीक देवाच्या जन्माचा प्रसंग गेला आणि शेवटी देव ज्या पायऱ्या चढून जात असत त्याही गेल्या. काही कंपन्या अजूनही जुने रूप करतात. तेव्हा 'अपोलो'च्या दोन चित्रफिती मिळाल्या आणि एकीत जन्म व पायऱ्या दिसल्या, दुसरीत नाहीत, तर दोन्ही बालांशीनच्याच आहेत असे समजून आधी जुनी पाहावी, म्हणजे त्याने काय काढले ते लक्षात येईल.